किंचित सादळलं

दुकानातल्या तिसऱ्या फळीसमोर ती डोळे मिटून उभी होती. बिस्किटांचं पाकीट कानाशी धरून ती त्याची झिप उघडत होती आणि मिटत होती. टक्-टक्-टक्... मध्येच एका ठिकाणी आवाज नाही... पुन्हा टक्. मग परत पहिल्यापासून. बाहेर पावसाने सकाळपासून ठाण मांडलं होतं, आत ओल्या छत्र्यांचा वास कोंदला होता, आणि दुकानाचे मालक गल्ल्यावरून तिच्याकडे डोळे वटारून बघत होते. पाकिटाची वरची पट्टी तिने कधीच फाडली होती.

"नऊ वेळा झालं," शेजारून कुणीतरी म्हणालं. "दहाव्यांदा उघडलंत तर मालक बहुतेक तुम्हाला बाहेर काढतील."

तिने डोळे उघडले. शेजारी एक उंच, शिडशिडीत तरुण उभा होता. खांद्यापर्यंत भिजलेला, केसांतलं पाणी भुवईवरून नाकावर उतरतंय, आणि हातात तसंच पाकीट. तेही फोडलेलंच.

"तुम्ही मोजत होतात?" तिने विचारलं.

"सवय आहे."

"मग एक काम करा. ही झिप ज्याने बनवली ना, त्याचे अपराध मोजा. त्या माणसाला आई नसणार."

तो दचकला. "का हो?"

"असती तर तिच्या हातात देऊन बघितलं असतं त्याने. हे बघा —" तिने पाकीट त्याच्या नाकासमोर धरलं. "या टोकापासून त्या टोकापर्यंत अंगठ्याने दाबत जायचं. मध्ये इतकीशी जागा सुटली तरी सकाळी सगळी बिस्किटं सादळलेली. माझ्या आईची बोटं आखडतात. तिला हे मिटत नाही. मग ती पाकिटाला कपड्यांचे चिमटे लावते. आमच्याकडे कपडे दोरीवर मोकळे लोंबतात आणि चिमटे स्वयंपाकघरात."

तो हसला नाही. त्याने आपल्या हातातलं पाकीट उलटसुलट केलं, झिपेवरून अंगठा फिरवला आणि हळूच म्हणाला, "आई आहे त्याला. तिची बोटं अजून चांगली आहेत... म्हणून त्याच्या लक्षात आलं नसेल."

"तुम्हाला काय माहीत?"

"ती झिप मी बनवलीय."

तिने जीभ चावली. माफी मागावी असं एक क्षण वाटलं, पण बोललेलं सगळं खरं होतं, आणि खऱ्याची माफी मागायची तिला सवय नव्हती. "मग बरंच झालं," ती म्हणाली, "निरोप योग्य माणसाला पोचला." आणि पाकीट गल्ल्यावर ठेवून पैसे देऊन ती पावसात निघून गेली. अर्ध्या रस्त्यात आपल्याच बोलण्याची तिला इतकी लाज वाटली, की छत्री उघडायचं राहूनच गेलं.

दुसऱ्या दिवशी दहाच्या ठोक्याला तिच्या साहेबांनी कारखान्यात ज्या माणसाची ओळख करून दिली, तो कोण असणार हे चाणाक्ष वाचकांनी ओळखलं असेलच. तिने मात्र ओळखलं नव्हतं. तिच्या हातातली पट्टी टेबलावरून घसरत खाली पडली आणि ती उचलायला तिने नको तितका वेळ लावला.

ती पुठ्ठ्याचे खोके आखायची. कारखान्यात तिला 'घडीबाई' म्हणत, कारण हातात आलेल्या कागदाची घडी घातल्याशिवाय तिला चैन पडत नसे. पाच वर्षं ती दुसऱ्यांनी आखलेल्या खोक्यांची मापं बदलत होती. इथे बोटभर उंची वाढव, तिथे झाकण कमी कर. आता पहिल्यांदाच एक अख्खा खोका तिच्या वाट्याला आला होता. एका बिस्किटवाल्या कंपनीला असं काहीतरी हवं होतं, की जे बाहेरून पुठ्ठ्याचं, ताठ आणि फळीवर उभं राहणारं असेल, आतून प्लास्टिकचं असेल म्हणजे हवा लागणार नाही, उघडून पुन्हा पुन्हा मिटेल, आणि संपल्यावर पुठ्ठा वेगळा आणि प्लास्टिक वेगळं काढून टाकता येईल. हे जमलं नाही तर कंपनी खोके कायमचे सोडून साध्या प्लास्टिकच्या पिशव्या घेणार होती. मग घडी घालणाऱ्या टेबलांवरच्या निम्म्या बायकांच्या हाताला काम उरलं नसतं, आणि घडीबाईचा पहिला खोका शेवटचा ठरला असता. दुकानातला तो तरुण प्लास्टिकवाल्यांकडून आला होता. त्याचा कारखाना रेल्वेने आठ तासांवर. काम होईपर्यंत मुक्काम जवळच्याच एका लॉजवर.

"आपण भेटलोय," तो म्हणाला.

"मी नाही ओळखत," ती म्हणाली. आणि कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाली.

पहिले तीन आठवडे दोघं भांडले. प्रेमकथेत असं लिहायची पद्धत आहे म्हणून नव्हे, खरोखरच भांडले. पुठ्ठा आणि प्लास्टिक एकमेकांना धरेनात. गोंद जास्त लावला तर पिशवी ओढताना पुठ्ठ्याचा पापुद्रा निघून यायचा, कमी लावला तर पिशवी सुटून खोक्याच्या तळाशी बसायची. शिवाय झाकणाची जीभ दहा-बारा वेळा खाचेत सरकवली की पुठ्ठा लुळा पडायचा.

"तुमच्या पुठ्ठ्याला दमच नाही," तो म्हणायचा.

"आणि तुमच्या प्लास्टिकला कुणाशी जमवून घेणं माहीत नाही. नुसतं निसरडं."

"निसरडं नाही, गुळगुळीत म्हणा."

"गुळगुळीत माणसांवर माझा विश्वास नाही."

"मी प्लास्टिकबद्दल बोलत होतो..."

"मीही," ती म्हणायची आणि कटरने नवीन पुठ्ठा कापायला घ्यायची. कापता कापता ती हसतेय हे तो समोरच्या काचेत बघायचा. तो बघतोय हे तिलाही त्याच काचेत दिसायचं.

चौथ्या आठवड्यात एका दुपारी सोळावा नमुनाही फसला. त्याने तो टेबलावर बाजूला ठेवला आणि म्हणाला, "एक विचारू? रागावू नका. मला तुमच्या आईची बोटं बघता येतील?"

असं काही आजवर कुणी तिच्याकडे मागितलं नव्हतं. ती त्याला घरी घेऊन गेली.

आई एका कचेरीतून टायपिस्ट म्हणून निवृत्त झालेली. तीस वर्षं यंत्र बडवून बोटं वाकडी झाली होती, जीभ मात्र अगदी सरळ होती. तिने त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "हाच का तो, ज्याला आई नाही?"

"आई!" ती ओरडली.

"आहे हो, काकू," तो गडबडून म्हणाला. "तिने नमस्कार सांगितलाय." हे त्याने तिथल्या तिथे रचलं होतं, आणि ते आईच्या लगेच लक्षात आलं. तिथूनच तो तिला आवडायला लागला.

त्याने पाकीट आईच्या हातात दिलं. आईने अंगठा आणि तर्जनी जुळवून झिप दाबायला सुरुवात केली. निम्म्यापर्यंत बोटं गेली, मग थरथरली, मग सुटली. तिने पुन्हा दाबलं. पुन्हा सुटलं. "माझ्या सासूबाईंच्या तोंडासारखी आहे तुमची ही झिप," ती म्हणाली. "या कोपऱ्यातून मिटवावी तर त्या कोपऱ्यातून उघडते."

यावेळीही तो हसला नाही. तो तिच्या हातांकडे बघत होता. डॉक्टर बघतात तसं नाही... आपल्या हातून कुणीतरी दुखावलं गेलंय, तसं बघत होता. आणि आईच्या बोटांकडे असं बघणाऱ्या त्या माणसाकडे घडीबाई बघतच राहिली.

"चिमटे संपले की काय करता, काकू?"

"काय करणार? हे करते." आईने टेबलाच्या खणातून आपली जुनी लाकडी पट्टी काढली. पाकिटाचं तोंड टेबलावर पसरलं, त्यावर पट्टी आडवी ठेवली आणि वरून तळहाताने भार दिला. एकाच दमात टकटकटक करत अख्खी झिप या टोकापासून त्या टोकापर्यंत मिटली.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. वीस दिवस दोघं दोन अंगठ्यांचा विचार करत बसले होते. तळहात कुणाच्या डोक्यातच आला नव्हता!

"झाकण," ती पुटपुटली.

"झाकणच पट्टी," तो म्हणाला. "झिपेची एक बाजू झाकणाला आतून —"

"— दुसरी पुढच्या भिंतीला. पुठ्ठा ताठ असतो, जोर सगळीकडे सारखा वाटून देईल..."

"आणि गोंद सगळीकडे नकोच! नुसते ठिपके. संपल्यावर ओढलं की सुटेल."

"हळू बोला रे," आई म्हणाली. "मी काही इतकं मोठं काम केलेलं नाही." पण पुढचा तासभर टेबलावर कागद पसरून, एकमेकांच्या हातातून पेन्सिल ओढून घेत ती दोघं रेघा मारत होती, आणि आईने चहा देताना तीन वेळा विचारलं तरी साखर किती हे कुणीच सांगितलं नाही.

सतराव्या नमुन्याचं झाकण तळहाताने दाबलं की मिटत होतं. आता उरली चाचणी.

सादळण्याची चाचणी पावसाळ्यात घेतात, कारण हवेत ओल असते आणि ओलीसमोर खोक्याचं खोटं टिकत नाही. प्रयोगशाळेच्या मॅडमनी नियम समजावले. चष्मा दोरीने गळ्यात, आवाज पट्टीने आखल्यासारखा. "चार आठवडे, रविवार सोडून. रोज सकाळी दहाला आणि दुपारी चारला खोका उघडायचा. दोन बिस्किटं काढायची. एक बाटलीत घट्ट बंद करून, तारीख घालून माझ्याकडे. दुसरं अर्धं-अर्धं करून तुम्ही दोघांनी खायचं. मग प्रत्येकाने आपापली चिठ्ठी लिहून या डब्यात टाकायची. कुरकुरीत, किंचित सादळलं किंवा सादळलं. चिठ्ठी पडेपर्यंत एक शब्द बोलायचा नाही. डबा शेवटीच उघडणार, किल्ली माझ्याकडे."

"आणि कुणी सादळलं म्हटलं तर?" त्याने विचारलं.

"एकट्याने म्हटलं तर जिभेचा दोष असू शकतो. चाचणी दहा दिवस वाढवू. एकाच वेळी दोघांनी म्हटलं, अगदी किंचित म्हटलं, तरी खोका नापास. कंपनीची अट आहे."

तर अशी ती चाचणी सुरू झाली. दहा वाजता आणि चार वाजता. खिडकीबाहेर पाऊस, आत पांढरं टेबल, मध्ये खोका. तो बिस्किट मोडायचा आणि न चुकता मोठा तुकडा तिच्यापुढे सरकवायचा. मग दोघं समोरासमोर बसून, बोलायची बंदी म्हणून एकमेकांच्या डोळ्यांत बघत बिस्किट खायचे. माणसाने माणसाकडे इतका वेळ बघायची आपल्याकडे सोय नसते. बोलणं मध्ये येतं. इथे बोलणं बंद होतं, आणि कुर्र-कुर्र असा दोन तोंडांचा आवाज तेवढा चालू. चौथ्या दिवशी तिला कळलं की त्याच्या डाव्या भुवईत एक बारीक वण आहे. नवव्या दिवशी त्याला कळलं की घास गिळण्याआधी ती एकदा डोळे मिटते. चिठ्ठ्या डब्यात पडल्या की दोघं एकदम बोलायला सुरुवात करत.

"मोठा तुकडा मलाच का?"

"मोडताना अंदाज चुकतो."

"रोज? आणि एकाच बाजूला?"

"हाताला तसं वळणच पडलंय... काय करणार."

रविवारी चाचणी नसे. रविवारी दहाला तिला विनाकारण भूक लागायची, आणि घरातलं कुठलंही बिस्किट तोंडात घातलं तरी बेचव लागायचं. आई हे सगळं बघत होती. "खोका चांगला झालाय ना?" एकदा तिने विचारलं. "मग चेहरा का असा? पास होणाऱ्याचा दिसत नाही."

कारण साधं होतं. खोका पास झाला की तो जाणार होता. सोमवारची तीनची गाडी, तिकीट काढलेलं. त्याने तसं सांगितलं होतं, आणि सांगताना टेबलाकडे बघितलं होतं.

"परत कधी येणं होईल?" तिने सहज विचारल्यासारखं विचारलं होतं.

"नवा खोका निघाला की."

"आमच्याकडे पाच वर्षांनी एक निघतो."

"मग... पाच वर्षांनी," तो म्हणाला. दोघं हसले. हसून झाल्यावर ती उगाचच कटरची पाती बदलत बसली.

बोलायचं कुणी? तो बोलला नाही. तिची जीभ दुकानात अनोळखी माणसाचे अपराध मोजायला सैल सुटली होती, पण आता ओळखीच्या माणसापुढे टाळूला चिकटत होती. आणि दिवस तर भराभर सरत होते.

शेवटचा शनिवार उजाडला. चारची शेवटची चाचणी. बिस्किट नेहमीसारखं कुरकुरीत होतं... इतकं कुरकुरीत, की तिला रडू यायला लागलं. तिने चिठ्ठी पुढे ओढली आणि पेन हातात धरून थांबली. मनात हिशेब चालू होता. तो खोटं लिहिणार नाही, हे नक्की. परवाच त्याने आपल्याच कारखान्यातून आलेला झिपेच्या पट्ट्यांचा अख्खा गठ्ठा नापास करून परत पाठवला होता. म्हणजे त्याची चिठ्ठी 'कुरकुरीत'. मग एकटीनेच वेगळं लिहिलं तर काय होईल? खोका नापास होणार नाही. कुणाचं काही बुडणार नाही. फक्त दहा दिवस वाढतील. दहा दिवस म्हणजे वीस बिस्किटं. तेवढ्यात एक वाक्य बोलायला जमेल की नाही?

तिने लिहिलं, 'किंचित सादळलं.' चिठ्ठीची चार वेळा घडी घालून तिने ती डब्यात टाकली. त्याने आपली टाकली. त्या दिवशी दोघंही नेहमीसारखं एकदम बोलले नाहीत. "बरंय," तो म्हणाला. "बरंय," ती म्हणाली. आणि रविवारभर ती घरात गुणगुणत हिंडत होती, तेव्हा आईला काही अर्थ लागेना.

सोमवारी सकाळी मॅडमनी साहेबांसमोर डबा उघडला. शहाण्णव चिठ्ठ्या. मॅडम तारखेप्रमाणे त्या टेबलावर मांडत गेल्या. कुरकुरीत, कुरकुरीत, कुरकुरीत. शेवटच्या दोन हातात आल्या आणि मॅडमचा हात थांबला. त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला.

"शनिवार, चार वाजता," त्या म्हणाल्या. "किंचित सादळलं." मग दुसरी उघडली. "किंचित सादळलं."

साहेबांनी खुर्ची मागे सारली. "म्हणजे नापास. संपलं. आता कंपनी पिशव्या घेणार." मग ते त्याच्याकडे वळले आणि आवाज कडवट झाला. "अभिनंदन तुमचं. पिशव्या तुमच्याच कारखान्यात होतील, नाही का?"

त्याचा चेहरा पांढरा पडला. तोंड उघडलं, मिटलं आणि तो दारातून बाहेर गेला.

तिच्या पायांखालची जमीन सरकली होती. काचेपलीकडे घडीच्या टेबलांवरच्या बायका हात थांबवून इकडेच बघत होत्या. त्याला खरंच ते बिस्किट सादळलेलं लागलं? की... साहेब म्हणाले तसं? हा दुसरा विचार मनात आला मात्र, आणि तिला स्वतःचीच शिसारी आली. आईच्या बोटांकडे तसा बघणारा माणूस असं करणार नाही. त्याने जे लिहिलं ते खरं मानून लिहिलं असणार. खोटं लिहिणारी एकच व्यक्ती होती, आणि ती इथे खुर्चीत गप्प बसली होती. आपलं बिंग फुटेल, नोकरीही जाईल कदाचित, पण निदान एक चिठ्ठी रद्द होईल. एकट्याचीच उरली की खोक्याला दहा दिवस मिळतील. मॅडम एव्हाना आपल्या खोलीत गेल्या होत्या; ती उठली आणि तिकडे धावली.

दार अर्धवट उघडं होतं. आत तो होता.

"मी खोटं लिहिलं, मॅडम," तो सांगत होता. "बिस्किट कुरकुरीत होतं. माझी चिठ्ठी रद्द करा."

"कारखान्याने सांगितलं होतं लिहायला?"

"नाही. शपथेवर सांगतो, नाही."

"मग का लिहिलं?"

बाहेर ती आणखी थांबू शकली नाही. तिने दार ढकललं.

"मॅडम, मीसुद्धा," ती म्हणाली. "माझीही चिठ्ठी खोटी आहे."

तो गर्रकन वळला. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं, आणि या वेळी तोंडात बिस्किट नव्हतं, बोलायची बंदीही नव्हती, तरी कुणालाच एक शब्द फुटेना.

"तुम्ही... तुम्ही का?" शेवटी त्याने विचारलं.

"तुम्ही का?"

"मला वाटलं तुम्ही खरं लिहाल!"

"मला वाटलं तुम्ही खरं लिहाल!"

मॅडमनी एकदा त्याच्याकडे बघितलं, एकदा तिच्याकडे. मग काही न बोलता कपाटातून शनिवारची बाटली काढली, झाकण फिरवलं, बिस्किट काढून चावलं. कुर्रकन आवाज झाला. त्यांनी साहेबांना बोलावून उरलेला तुकडा त्यांच्या हातात दिला. साहेबांनी चावला. मग खुद्द खोका मागवला गेला, मॅडमनी तळहाताने मिटलेलं झाकण उघडलं, आणि साहेबांनी आतली ओळीने पाच बिस्किटं खाल्ली. त्यातली शेवटची दोन चाचणीसाठी नव्हती, असा माझा अंदाज आहे.

"कुरकुरीत," साहेब म्हणाले. मग त्याच्याकडे बघून थोडे घुटमळले. "मघाशी बोललो ते... चुकलं माझं. मागे घेतो." आणि कंपनीला फोन करायला ते जवळजवळ पळतच गेले. काचेपलीकडे कुणीतरी टाळी वाजवली.

खोका वाचला होता.

"आता तुमच्याकडे वळू," मॅडम म्हणाल्या. "पुढच्या कुठल्याही चाचणीला तुम्हा दोघांना परीक्षक म्हणून मी घेणार नाही. तीस वर्षांत एका वेळी दोन खोट्या जिभा मी पाहिल्या नाहीत. आणि हा खुलासा." त्यांनी खणातून एक छापील कागद काढून टेबलावर ठेवला. "कागद एकच उरलाय, दोघांनी त्यातच भरा. चुकीची नोंद का केली, खरं कारण लिहायचं. आणि या खेपेला खरं म्हणजे खरं."

पेन त्याने उचललं. खाली वाकून तो लिहू लागला. एक ओळ, मग थांबला. मग दुसरी. कान लालबुंद झाले होते. शेवटी त्याने सही केली, कागद तिच्याकडे सरकवला आणि खिडकीकडे तोंड करून उभा राहिला. बाहेर पाऊस बारीक झाला होता.

तिने वाचलं.

'शनिवार, चार वाजता. बिस्किट कुरकुरीत होतं. सोबतच्या परीक्षक खरं लिहितील आणि चाचणी फक्त लांबेल अशी खात्री होती, म्हणून मी खोटं लिहिलं. मला आणखी दहा दिवस हवे होते. यात माझ्या कारखान्याचा संबंध नाही. माझं त्यांच्यावर प्रेम आहे. हे तोंडाने सांगायचं धाडस अठ्ठेचाळीस बिस्किटांत झालं नाही.'

अक्षरं डोळ्यांपुढे पुसट झाली. तिने एकदा पापण्या घट्ट मिटल्या, पुन्हा उघडल्या. मग पेन घेतलं आणि त्याच्या सहीखाली एकच शब्द लिहिला. सही केली. आयुष्यात पहिल्यांदाच हातात आलेल्या कागदाची घडी न घालता तिने तो तसाच त्याच्यासमोर धरला.

'वरीलप्रमाणे.'

त्याने तो शब्द वाचला. पुन्हा वाचला. "वरीलप्रमाणे..." त्याने मान वर केली. "म्हणजे... दहा दिवस हवे होते, इथपर्यंत?"

"नाही," ती म्हणाली. "वेड्या, खालपर्यंत वाच ना. सगळं."